डाव्या वळणाची गाठ

महादेव नाखवा आमच्या शेडमध्ये पहिल्यांदा आले ते आपल्या मनाने नव्हे. कृष्णाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांना टमटममध्ये बसवून आणलं होतं. उतरताना त्यांचा उजवा पाय फुटबोर्डवर अडकला, तेव्हा मी हात द्यायला पुढे झाले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हात मागेच घेतला. कृष्णाबाई हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाय. त्येंना येल लागतो, पन येतील." आणि आम्ही दोघी उन्हात उभ्या राहिलो. ते आले. शेडच्या दारापर्यंतच्या वीस-पंचवीस पावलांना चार-पाच मिनिटं लागली असतील.

ही दोन हजार तेराच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. पनवेलच्या औद्योगिक वसाहतीत मी एक लहानशी पत्र्याची शेड भाड्याने घेतली होती. कापडाचा डिप्लोमा केलेला, दहा वर्षं एका निर्यात कंपनीत कपड्यांचे नमुने तपासण्यात गेलेली, आणि मग एक दिवस डोक्यात शिरलं की खाडीत नि समुद्रात जे प्लास्टिक तरंगतंय त्याचंच कापड करायचं. ते होतं, यात नवल काही नाही. नायलॉनचं जुनं जाळं साफ करून, तुकडे करून, वितळवून त्याचं पुन्हा सूत निघतं. सूत काढणारा कारखाना गुजरातेत होता, विणणारे दुसरे होते. आमचं काम पहिलं आणि शेवटचं: मच्छीमारांकडून टाकलेली, सापडलेली जाळी आणायची, धुवायची, निवडायची, पाठवायची, आणि कापड होऊन आलं की त्याची जॅकेटं नि पिशव्या शिवायच्या. मुंबईतल्या दुकानांना असं काही हवं होतं. कागदावर सगळं सोपं होतं.

पण कारखान्याने आमचे पहिले दोन्ही टेम्पो परत पाठवले. जाळं म्हणजे एकच वस्तू असते असं मी समजत होते. तसं नव्हतं. जाळ्याचं अंग नायलॉनचं, पण ज्या दोराला ते बांधलेलं असतं तो दोर वेगळ्याच प्लास्टिकचा. वर तरंगायला बोये, खाली बुडायला शिशाचे मणी, मध्ये कुठे ठिगळ म्हणून लावलेलं तिसरंच काही. त्या दुसऱ्या दोराचा एक वीतभर तुकडा आत राहिला तरी सगळा घाणा नासतो, सूत ओढताना तुटतं. माझ्याकडच्या चार मुली दिवसभर कात्रीने कापत बसायच्या आणि संध्याकाळी कशीबशी एक बादली भरायची.

कृष्णाबाई पनवेलातच, उरण नाक्याच्या बाजारात मासे विकायच्या. माझी आई त्यांचं वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. आईनेच बोंबील निवडता निवडता माझं रडगाणं त्यांना ऐकवलं असणार. त्या म्हणाल्या म्हणे, "आमचं मालक हायेत घरी बसल्येलं. हात गेला त्येंचा, पन जालं त्येंच्याएवढं कोनाला समजत नाय." आणि दुसऱ्याच दिवशी घेऊन आल्या.

महादेवकाकांना आदल्या वर्षी लकवा मारला होता. वय साठीच्या अलीकडे. उजवा हात छातीशी आखडलेला, तोंड किंचित वाकडं, आणि शब्द बाहेर यायला वेळ लागायचा. ते आत कुठेतरी शोधून एकेक उचलून आणतायत असं वाटायचं. मूळचे उरणजवळच्या करंज्याचे. आता पनवेलच्या कोळीवाड्यात, बायकोच्या माहेरच्या घरात राहत होते. ते तिथे का राहतात हे मी विचारलं नाही.

त्या दिवशी ते जमिनीवर बसले आणि माझ्या मुलींचं काम बघत राहिले. एक मुलगी जाळ्याचा एकेक डोळा, त्याला कोळी आस म्हणतात, कात्रीने दोरापासून सोडवत होती.

"काय... करतं ती?" त्यांनी बायकोला विचारलं.

"कापतं."

"असं?"

त्यांनी डाव्या हाताने ते जाळं आपल्याकडे ओढलं. दोर डाव्या पायाच्या अंगठ्याखाली दाबला. माझ्याकडे हात केला. मला कळेना काय हवंय. कृष्णाबाईंनी कोयतीचं पातं त्यांच्या हातात दिलं. दोराला लागून एक बारीक सुतळी जात होती, तिने ठरावीक अंतरावर गाठी घेत जाळं दोराला टांगलेलं होतं. त्यांनी फक्त ती सुतळी कापली, इथे एक, तिथे एक, आणि दोर ओढला. लांबच्या लांब जाळं दोरावरून सुटून खाली पडलं, अंगातून सदरा निघावा तसं.

मुली बघतच राहिल्या. काका म्हणाले, "बांधलं कशं... त्ये म्हाईत असल... तर सोडायला... टाईम नाय लागत."

दुपारपर्यंत त्यांनी मला अजून एक गोष्ट शिकवली. पाण्याने भरलेला पिंप मागवला. जो तुकडा बुडेल तो एका ढिगात, जो तरंगेल तो दुसऱ्या. नायलॉन बुडतं, दोर तरंगतो. एवढी साधी गोष्ट मला डिप्लोमाच्या पुस्तकातून माहीत होती आणि तरीही सुचली नव्हती. एखाद्या तुकड्याबद्दल शंका आली की ते त्याचं टोक काडीने पेटवत, विझवत आणि वास घेत. मेणबत्तीसारखा वास आला तर बाजूला टाकत.

तिसरा टेम्पो परत आला नाही.

महादेवकाका रोज येऊ लागले. कृष्णाबाई सकाळी त्यांना सोडून बाजारात जायच्या, आणि टोपली रिकामी झाली की दुपारी परत यायच्या, डबा उघडायच्या, काट्याचा मासा असेल तर काटे काढून त्यांच्यापुढे ठेवायच्या. शर्टाची बटणं लावून त्यांना आणायच्या. कधी घाईत एखादं चुकीच्या काजात जायचं. एकदा हात धुताना त्या मला म्हणाल्या, "साल झाला, मानसानं येल किती झाला म्हनून कदी इचारला नाय. आता रोज रातीला इचारतात, उद्या कितीला निगायचं?" असं म्हणून त्यांनी तोंडावर पाण्याचा हबका मारला. रडतायत की तोंड धुतायत ते कळू दिलं नाही.

काकांशी बोलणं कमीच व्हायचं. पण जाळी ओळखण्याचा त्यांचा नाद मला हळूहळू कळला. जाळ्याचं अंग आजकाल कारखान्यातून विणून येतं, दोराला ते बांधतात मात्र हातानेच. प्रत्येकाची गाठ निराळी. काका गाठीवरून बोट फिरवून म्हणायचे, "ह्ये मोरा बंदराचं." "ह्ये दिनानाथचं, घाई करतो." "ह्या मानसाला... दारू लागतं." मुली हसायच्या. एकदा एका म्हाताऱ्याने आणून दिलेलं जाळं हातात घेऊन काका एकेक गाठ चाचपत गेले आणि मग म्हणाले, "लई चांगला हात. आता... असा नाय भेटत." त्या जाळ्याच्या गाठी त्यांनी कापल्या नाहीत, एका हाताने नि दातांनी सोडवल्या. मी त्यांना घाई केली नाही.

दोन हजार पंधराच्या फेब्रुवारीत करंज्याहून एक टेम्पो आला. तिकडच्या एका बोटीचा नांगर समुद्रात तळाशी कशात तरी अडकला, ओढून काढला तर मोठं जुनं जाळं वर आलं. शेवाळ, कालवं, चिखल यांनी भरलेलं. टाकून देण्यापेक्षा म्हणून त्यांनी आमच्याकडे पाठवलं. असा वास होता की शेजारच्या गाळ्यातले लोक भांडायला आले. आम्ही दोन दिवस ते नुसतं पाण्याच्या फवाऱ्याने धुतलं. त्यातून खेकड्यांची कवचं निघाली, माशांचे कणे निघाले, आणि एका समुद्री कासवाची पाठ, हातभर लांब. पाण्यात सुटलेलं जाळं कुणी ओढणारं नसलं तरी मासे धरतच राहतं, मेलेल्यांना खायला येणारे पुन्हा अडकतात. मला हे वाचून माहीत होतं. पाहिलं पहिल्यांदाच.

तिसऱ्या दिवशी काका कापायला बसले. मी आत हिशेबाचा फोन घेत होते, इतक्यात एक मुलगी धावत आली. "ताई, काका बघा कसं करतायत."

मला वाटलं, पुन्हा झटका आला. ते भिंतीला टेकून बसले होते, तोंड उघडं. पण हातात दोर घट्ट धरलेला होता. मी डॉक्टरांना फोन लावायला निघाले तर त्यांनी मान हलवली.

"माजं हाय," ते म्हणाले.

"काय?"

"जालं. ह्ये... माजं हाय."

त्यांनी मला गाठ दाखवली. मला ती इतर गाठींसारखीच दिसली. मग त्यांनी माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं. दर पाचव्या आसाला गाठ दुहेरी, आणि सुतळीचं टोक डावीकडे वळवून आत खोवलेलं. सगळे उजवीकडे वळवतात. त्यांच्या वडलांचा हात डावखुरा होता. त्यांच्याकडून शिकले म्हणून उजव्या हातानेही ते डावीकडेच वळवायचे.

त्या दिवशी त्यांनी पातं हातात घेतलं नाही. जाळं चाचपत, गुंता सोडवत, ते सरपटत शेडभर फिरले. ते काहीतरी शोधत होते. दुपारी कृष्णाबाई आल्या, नवऱ्याला तसं पाहून त्यांच्या हातातला डबा खाली गेला. त्यांनीही ती गाठ हाताने बघितली आणि माझ्याशेजारी खाली बसल्या. मग मला सगळं त्यांनीच सांगितलं, कारण काकांच्या तोंडून शब्द निघण्यासारखे नव्हते.

काकांना एक धाकटा भाऊ होता, काशिराम. करंज्याला दोघांची मिळून एक होडी होती. दोन हजार सहाच्या पावसाळ्यात, मासेमारी बंद असते त्या दोन महिन्यांत, काकांनी एक नवं जाळं बांधलं होतं, घोळ-रावसासारख्या मोठ्या माशांसाठी, पाण्यात तरंगत सोडायचं असतं तसं. पुढे हंगाम सुरू झाल्यावर काकांना ताप भरला आणि काशिराम आपल्या मेहुण्याला घेऊन दर्यात गेला. परत आला तो जाळ्याशिवाय. म्हणाला, पहाटे धुकं होतं, न्हावा शेव्याला येणारं एक मोठं जहाज वरून गेलं, आम्ही ओरडलो, बत्ती दाखवली, काही उपयोग झाला नाही, जाळं कापून गेलं.

काकांनी आधी विश्वास ठेवला होता. मग कुणीतरी येऊन सांगितलं की तसंच जाळं खाली दक्षिणेकडच्या एका बंदरावर दुसऱ्याच्या होडीवर पाहिलं. झालं. काकांनी जमातीच्या लोकांसमोर भावाला विचारलं, विकलंस ना? मेहुणा त्याच्याच घरचा, म्हणून त्याची साक्ष काकांनी मानली नाही. काशिरामने आईची शपथ घेतली. काका म्हणाले, "आईची खोटी शपत घेताना जीब झडली नाय तुजी?" आई तिथेच दारात उभी होती.

त्यानंतर काकांनी करंजा सोडलं. बायकोच्या माहेरी येऊन राहिले, जे कुठल्याच पुरुषाला आवडत नाही आणि त्यांना तर मुळीच आवडलं नाही. दोन हजार नऊमध्ये आई गेली. दोघे भाऊ तिरडीच्या दोन बाजूंना चालले, बोलले नाहीत.

"आनि लकवा मारला ना ह्येंना," कृष्णाबाईंनी आवाज खाली आणला, "तवा काशिराम आलावता दवाखान्यात. तीन दिस बाहेर बाकड्यावर बसला व्हता. मी ह्येंना सांगलं नाय. त्यो बोलला, वयनी नको सांगू, त्येला तरास व्हईल."

हे त्या हळू बोलत होत्या, पण शेड लहान होती. काकांनी ऐकलं. त्यांनी मान वळवली नाही. हात तेवढा थांबला.

संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांना हवं होतं ते सापडलं. जाळ्याचं टोक. दोर पार तोडलेला. आणि तोडलेल्या जागेपाशी जाळं पिळून पिळून इतकं घट्ट गुंडाळलं गेलं होतं की त्याचं मुठीएवढं गाठोळं झालं होतं, आतून वितळून एकजीव झालेलं. हाताने कापलेला दोर असा नसतो. हा जहाजाच्या पंख्यात सापडलेला दोर होता. तीन ठिकाणी तसंच होतं.

काका ते गाठोळं मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "करंज्याला जायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेम्पो काढला. जाळं मागे, त्यातलं ते गाठोळं तेवढं कापून काकांच्या मांडीवर, आम्ही तिघं पुढे दाटीवाटीने. जासईच्या अलीकडे कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली होती, तासभर जागचे हललो नाही. उकडत होतं. कृष्णाबाई मधे बसल्या होत्या, नवऱ्याचा आखडलेला हात मांडीवर घेऊन त्याची बोटं एकेक करून सरळ करत होत्या, डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम. काका समोर बघत होते. एकदाच बोलले, "आयकल का त्यो?"

"आयकल," त्या म्हणाल्या.

करंज्याच्या बंदरावर सकाळचा लिलाव आटोपला होता. बायका जवळा वाळत घालत होत्या. काशिराम धक्क्यावर बसून दोर वळत होता. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. तीच रुंद हनुवटी. त्याने भावाला टेम्पोतून उतरताना पाहिलं आणि उठून उभा राहिला. पण पुढे आला नाही.

काका निघाले. धक्क्यावरच्या लोकांनी एकेक करून हातातलं काम खाली ठेवलं. सगळ्यांना सगळं माहीत असणार, गाव लहान आहे. काका भावासमोर पोहोचले, तेव्हा त्यांना दम लागला होता. त्यांनी ते गाठोळं पुढे केलं.

काशिरामने हातात घेतलं. उलटसुलट पाहिलं. बोटाने गाठ शोधली, डावीकडे वळलेली, आणि त्याचा चेहरा हलला. पण तो म्हणाला एवढंच, "मना काय दावतंस? मी तितंच व्हतो. मना म्हाईत हाय कशं कापलं."

"बोलव... लोकांना," काका म्हणाले.

"कशाला?"

"लोकांसमोर... बोललो व्हतो. लोकांसमोर... बोलायचं हाय."

लोक जमलेलेच होते. वाळत घातलेल्या जवळ्यापाशी बायका उभ्या राहिल्या. काकांनी बोलायला तोंड उघडलं आणि शब्द येईना. बराच वेळ येईना. कपाळावर घाम आला. कृष्णाबाई पुढे होऊ लागल्या तर त्यांनी डाव्या हाताने त्यांना थांबवलं. सगळं बंदर त्या एका शब्दासाठी थांबलं होतं असं मला वाटलं.

"मी खोटा," ते म्हणाले. मग श्वास घेऊन, "त्यो... खरा."

काशिराम खाली बघत होता. मग तो म्हणाला, "आई नाय ना आता आयकायला."

काका तसेच उभे राहिले आणि रडू लागले. लकवा मारलेल्या माणसाचं रडणं वेगळं असतं, अर्धाच चेहरा रडतो. काशिरामला ते बघवेना. तो जवळ आला, आणि काय करावं हे न सुचून त्याने भावाच्या शर्टाचं बटण काढून बरोबर काजात लावलं. मग त्याखालचं. मग कॉलर सारखी केली.

"चल," तो म्हणाला, "उनात नको उबा ऱ्हाऊ. वयनी, तुमी पन चला. ती कोन पोर?"

"मालकीन हाय आमची," कृष्णाबाई म्हणाल्या.

"मग मालकीनबाय, च्या प्यायला चला."

सगळं त्याच दिवशी नीट झालं असं नाही. काशिरामच्या बायकोने चहा दिला, पण कृष्णाबाईंशी बोलली नाही. नऊ वर्षं तिने चोराची बायको म्हणून बाजारात नजरा सोसल्या होत्या. ते मिटायला पुढे दोन दिवाळ्या गेल्या. आणि जहाज कुठलं होतं ते कधीच कळलं नाही. ज्याने येऊन सांगितलं होतं की जाळं दुसऱ्याच्या होडीवर पाहिलं, तो माणूस केव्हाच वारला होता.

जाळ्याचं काय करायचं यावर मात्र दोघा भावांचं लगेच भांडण झालं. काशिरामला ते ठेवायचं होतं. "माजी साक्ष हाय ती," तो म्हणाला. काका म्हणाले, नको. त्यांनी मला टेम्पोतली पिशवी आणायला सांगितली. त्यात कासवाची पाठ होती. मी ती फेकून दिली असती. त्यांनी जपून ठेवली होती.

"नव साल," काका म्हणाले. "मानूस नाय, होडी नाय... एकटंच धरत व्हतं. मारत व्हतं. कोनाच्या ताटात... नाय गेलं." ते थांबले. "माज्या हाताचं हाय. मी सोडनार."

काशिरामने त्या कासवाच्या पाठीवरून हात फिरवला. कोळ्याला मासा मेल्याचं दुःख नसतं, वाया गेल्याचं असतं. शेवटी त्याने आतून आपलं पातं आणलं. दोघे ओटीवर समोरासमोर बसले. काकांच्या पायाखाली दोर, काशिरामच्या हातात ताण. काका जिथे बोट ठेवत तिथे काशिराम कापे. वितळलेलं गाठोळं तेवढं काशिरामने वेगळं काढून ठेवलं, ते आमच्या कामाचंही नव्हतं. ऊन ओटीवरून उतरेपर्यंत जाळं सुटलं होतं.

मी ते बाकी मालाबरोबर कारखान्यात पाठवलं. कृष्णाबाईंनी विचारलं, "त्येचं कापड वेगलं येल का?" मी खरं ते सांगितलं. सगळ्या किनाऱ्यावरची जाळी एकाच कढईत जातात, कुठला धागा कुणाचा हे देवालाही सांगता येणार नाही. त्या जरा हिरमुसल्या. काका म्हणाले, "बरं हाय की."

सप्टेंबरात कापडाचा गठ्ठा आला. गडद निळं, हलकं, किंचित सळसळणारं. मी पहिला तागा उलगडून काकांसमोर धरला. त्यांनी पदराचा एक धागा उपसला, दातात धरला, काडी पेटवून टोक जाळलं, वास घेतला. मान डोलावली. मग कापड उजेडासमोर धरून एक डोळा मिटून बघत राहिले.

"आस... लई बारीक," ते म्हणाले. "पानी पन जायाचं नाय."

खरंच जात नव्हतं. आम्ही त्याची पावसाळी जॅकेटं शिवली, मुंबईच्या दुकानात ती काचेमागे टांगली गेली, एका मासिकात फोटो आला. उरलेल्या कापडातून मी कृष्णाबाईंना झंपर शिवून देते म्हटलं. त्यांनी कापड गळ्याशी धरून बघितलं आणि म्हणाल्या, "याच्यान घामानं मरन मी. त्यापरीस मना म्होरं बांधायला शिव काय तरी. मासली कापताना लुगडं भिजतं." मी छातीपासून गुडघ्यापर्यंतचा एक ॲप्रन शिवला, मागे नाडी. दुसऱ्या आठवड्यात उरण नाक्याच्या बाजारातून अकरा जणींनी तसाच मागितला. एकीला खिसा हवा होता, एकीला लाल काठ. पाणी आत येत नाही, खवलं चिकटत नाहीत, धुतला की लगेच वाळतो. जॅकेटांची विक्री पुढे कधी चढली, कधी पडली. ॲप्रन मात्र आम्ही अजून शिवतो. पेण, अलिबागपर्यंत जातात.

त्या मासिकाच्या फोटोनंतर एका मोठ्या दुकानाचा माणूस शेड बघायला आला होता. त्याने काकांना विचारलं, समुद्र वाचवताना तुम्हाला कसं वाटतं? काकांनी प्रश्न बायकोकडून पुन्हा ऐकला. मग सावकाश म्हणाले, "मी नाय वाचवत. मीच टाकल्येलं हाय. चाळीस साल दर्यात व्हतो... किती जाली गेली. आता... उचलतो." त्या माणसाने ते लिहून घेतलं नाही. त्याला दुसरं काहीतरी हवं होतं.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात महादेवकाका आणि कृष्णाबाई करंज्याला परत गेले, आपल्या वाट्याच्या दोन खोल्यांत. माझं काम अडलं असतं, पण काशिरामनेच तोडगा काढला. बंदराच्या कडेला त्याने पत्र्याची एक छावणी उभारली आणि जाळी पनवेलला आणण्याऐवजी तिथेच सोडवायचं ठरलं. गावातल्या सहा-सात बायका येऊ लागल्या. फाटलेलं जाळं आता कुणी पाण्यात टाकत नाही असं मी म्हणणार नाही, टाकतात. पण बरेच जण छावणीत आणून देतात, कारण नाही दिलं तर महादेव ओळखतो. मोरा बंदराच्या एका तांडेलाचं, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाचं, जाळं खाडीत सापडलं, तेव्हा काकांनी ते त्याच्या घरी परत पाठवलं होतं, निरोपासकट.

मी महिन्यातून एकदा जाते. मागच्या खेपेला गेले तर दोघा भावांचं जुंपलं होतं. काशिरामने एक दोर चुकीच्या ढिगात टाकला होता.

"बुडतंय त्यो," काशिराम म्हणत होता.

"नाय... बुडत. भिजल्येला हाय... म्हनून वाटतं."

"पंचेचालीस साल झाली मना दर्यात. मना शिकवतंस?"

"पिंपात टाक."

"नाय टाकत."

कृष्णाबाई छावणीच्या सावलीत बसून सुके बोंबील बांधत होत्या. मला बघून त्यांनी बाजूची गोणी झटकून जागा केली. "बस बाय," त्या म्हणाल्या. "ह्येंचं सकालपासून चाललंय. जेवायला येल हाय अजून."

काशिरामची बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने आधी मला दिलं, मग कृष्णाबाईंना, आणि मग नवऱ्याच्या हातातून तो दोर काढून घेतला, पिंपापाशी गेली आणि टाकला. आम्ही सगळे वाकून बघायला लागलो.